मसाई मारातल्या सफारी कॅम्पवर प्राणी कसे पाहावेत आणि नोंद कशी ठेवावी: घरच्या तयारीपासून वहीपर्यंत

मसाई माराहून परतलेल्यांचे फोटो पाहायला बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. सिंह आहे, पण त्याच्या मागे नऊ-दहा गाड्या उभ्या आहेत. चित्ता आहे, पण पाठमोरा आणि लांब. गप्पा सुरू झाल्या की कळतं, चार दिवसांतला बराचसा वेळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धावण्यात गेला. कोणता प्राणी किती वाजता, कुठे दिसला आणि तो काय करत होता, हे विचारलं तर आठवत नाही. पैसे मात्र लाखांत गेलेले असतात.

याला नशीब कारण नाही. कामांचा क्रम चुकतो आणि प्राणी शोधायचं काम आपण गाईडांच्या वायरलेसवर, म्हणजे ते एकमेकांना देत असलेल्या बातम्यांवर, सोपवून मोकळे होतो. खाली केनियातला मसाई मारा धरून सगळे टप्पे दिले आहेत. शेजारच्या, टांझानियातल्या सेरेंगेटीत काही नियम वेगळे असले तरी पद्धत हीच चालते.

टप्पा १ : महिना, जागा आणि मुक्काम

आपल्या घरांत मोठ्या सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. मे म्हणजे मारातल्या मोठ्या पावसाचा शेवट. मार्चपासून पडलेल्या पावसाने गवत कमरेपर्यंत आलेलं असतं आणि जमीन काळी. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कापसाच्या रानातून चाललेल्या माणसाला ही माती कशी धरते ते सांगायला नको. लँडक्रूझरसुद्धा त्यात तासतासभर रुतून बसते. सिंह तिथेच असतात, पण गवतात आडवे पडले की दहा पावलांवरचाही दिसत नाही. दर कमी आणि गर्दी कमी म्हणून दुसऱ्यांदा जाणाऱ्याने मे जरूर निवडावा. पहिल्यांदा जाणाऱ्याने निवडू नये.

जुलै ते ऑक्टोबर हा सोपा काळ. सेरेंगेटीतून दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे, शिंगांचे मोठे चरणारे प्राणी) आणि त्यांच्यासोबत झेब्रे उत्तरेकडे सरकतात, त्यांतले कितीतरी मारात उतरतात आणि गवत खाऊन खाली आणतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तम. नोव्हेंबरात गेली तर छोटा पाऊस सुरू झालेला असतो आणि कळप दक्षिणेकडे निघालेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी कमी असते आणि मांजरकुळातले प्राणी चांगले दिसतात. मात्र विल्डबीस्टची वीण पाहायची म्हणून फेब्रुवारीत मारा बुक करू नका. ती वीण दक्षिण सेरेंगेटीत, न्डूटूच्या मैदानांवर होते.

जागेचा निर्णय याहून महत्त्वाचा. राष्ट्रीय राखीव क्षेत्र साधारण १,५०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याला लागून नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. ती मसाई कुटुंबांची जमीन, भाडेपट्ट्याने वन्यजीवांसाठी राखलेली. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, रात्रीची फेरी नाही आणि पायी फिरणं नाही. कॉन्झर्व्हन्सीत या तिन्ही गोष्टी गाईडसोबत, त्यांच्या नियमांनी करता येतात आणि गाड्याही मोजक्या असतात. खर्च जास्त येतो. माझं मत विचाराल तर तीन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि तीन राखीव क्षेत्राजवळ काढा.

मुक्काम एका कॅम्पवर किमान तीन रात्रींचा हवा. नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात, त्यामुळे 'दोन रात्री, तीन दिवस' या पॅकेजात पूर्ण दिवस एकच हाती लागतो. शिवाय एकाच भागात राहिलं की काल सिंहिणी कुठे झोपल्या होत्या ही माहिती आज कामाला येते. कॅम्प बदलला की ती सगळी वाया जाते.

तपासा : पॅकेजमध्ये प्रवेश शुल्क धरलं आहे का? २०२४ पासून परदेशी प्रौढांना राखीव क्षेत्रासाठी दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर लागू झाला, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. चालू दर बुकिंग करताना लेखी मागून घ्या. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

टप्पा २ : घरी करायची तयारी

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. ती अधिकृत केंद्रावरच मिळते, केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणून निदान महिनाभर आधी नंबर लावा. प्रमाणपत्राशिवाय केनियातून परत आलात तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस एकदा घेतली की आयुष्यभर चालते, तेव्हा ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत जपून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना याच वेळी विचारा, कारण काही गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. केनियाची प्रवेश परवानगी २०२४ पासून ऑनलाइन घ्यावी लागते.

सामान. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेसकट १५ किलो, आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक ट्रॉली त्या विमानाच्या पोटात बसत नाही. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि जून २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरून टाकायचं प्लास्टिकही चालत नाही. चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या. डब्याचा आणखी एक फायदा आहे. सिंहीण वीस मीटरवर असताना गाडीत कुणी वेफर्सचं पाकीट चुरचुरवलं की तिचे कान लगेच वळतात.

कपडे खाकी, मातकट किंवा फिके हिरवे. काळा आणि गडद निळा टाळा. चावणारी त्सेत्से माशी या दोन रंगांकडे ओढली जाते, इतकी की तिला पकडायचे सापळे याच रंगांच्या कापडाचे शिवतात. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, त्यावरून अडवलं जाऊ शकतं. आफ्रिका म्हणजे उकाडा असं धरून मुंबईकर इथे फार फसतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. पहाटे उघड्या गाडीत स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी, तिन्ही लागतात.

दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र हवी. पाच जणांत एक दुर्बीण असली की ती हातात येईपर्यंत प्राणी गेलेला असतो. ८ बाय ४२ या मापाची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या काचेची, पुरते. ती घरीच लावून घ्या. उजव्या बाजूची काच झाका, डाव्या डोळ्याने लांबची पाटी पाहत मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. मग डावी बाजू झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडीची ही जागा लक्षात ठेवा. आता गच्चीवर जाऊन कावळ्यावर सराव करायचा. कावळ्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. आठवडाभर रोज दहा मिनिटं केलं की हात बसतो.

कॅमेऱ्यासाठी तिपाई गाडीत निरुपयोगी आहे. जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा भाग कापून एक टोक शिवा, दुसऱ्याला चेन लावा आणि रिकामी पिशवी घेऊन जा. कॅम्पच्या स्वयंपाकघरात दोन किलो तांदूळ किंवा राजमा मागून ती भरा. गाडीच्या कडेवर ही पिशवी आणि तिच्यावर लेन्स. निघताना धान्य परत द्या.

तपासा : कॅमेऱ्याचं घड्याळ. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मोबाइल आपोआप बदलतो, कॅमेरा बदलत नाही. नंतर वही आणि फोटो जुळवताना सगळी सकाळ अडीच तास पुढे सरकलेली दिसते.

टप्पा ३ : पहिली संध्याकाळ, गाईडशी बोलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. गाईडने 'काय पाहायला आवडेल?' विचारलं की आपण म्हणतो, 'बिग फाइव्ह'. सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस आणि गेंडा ही यादी शिकाऱ्यांनी केलेली. पायी शिकार करायला धोक्याचे म्हणून हे पाच. चित्ता, जिराफ, पाणघोडा, तरस त्यात नाहीत. ही यादी हातात दिली की गाईड बिचारा दिवसभर वायरलेसला कान लावून बसतो आणि दुसऱ्याने शोधलेल्या प्राण्याकडे गाडी पळवतो. पोचेपर्यंत तिथे आठ गाड्या आलेल्या असतात.

त्याऐवजी साध्या शब्दांत सांगा: 'आम्हाला थांबायला आवडतं. कमी दिसलं तरी चालेल. वायरलेसवर काही आलं तर आधी आम्हाला विचारा, मग गाडी वळवा.' हे ऐकून बहुतेक गाईडांचे खांदे सैल पडतात. मग विचारा: गेल्या दोन दिवसांत काय आणि कुठे दिसलं? कुणाची पिल्लं आहेत? सध्या पाणी कुठे आहे? बऱ्याच कॅम्पांत नोंदींचा फळा किंवा रजिस्टर असतं. ते वाचताना प्राण्यांच्या नावांपेक्षा वेळ आणि जागा बघा. मादी बिबट्या एकाच ओढ्यावर लागोपाठ दोन सकाळी दिसली असेल, तर तुमची उद्याची सकाळ ठरली.

चार शब्द शिकून जा, वायरलेसवरचं बोलणं कळायला लागतं. सिंबा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, डुमा म्हणजे चित्ता, किफारू म्हणजे गेंडा.

सावध : बहुतेक कॅम्पांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर आस्कारी, म्हणजे पहारेकरी, सोबत असल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नका, शेजारच्या तंबूत जायलाही नाही. पाणघोडे रात्री चरायला वर येतात, आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये सापडलेल्या माणसाची खैर नसते. तंबूत खाऊ ठेवू नका. तंबूची चेन पूर्ण लावा, माकडांना अर्धी उघडी चेन पुरते.

टप्पा ४ : पहाटेची दहा मिनिटं

पाचला उठा. तंबूतला दिवा बंद करा, जाळीपाशी खुर्ची ओढा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. हे जवळजवळ कुणी करत नाही आणि दिवसातली सगळ्यात उपयोगी दहा मिनिटं हीच.

सिंहाची गर्जना शांत हवेत कित्येक किलोमीटर जाते. आधी मोठी आरोळी, मग हळूहळू तुटत जाणारे हुंकार. आवाज आला की त्या दिशेला हात सरळ धरा, हाताच्या रेषेत कोणतं झाड किंवा टेकडी आहे ते वहीत लिहा. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा, पुढे-मागे, पुढे-मागे. ठिपकेदार तरसाची हाक खालून सुरू होऊन शेवटी वर चढते. बबून माकडं अंधारातच भुंकायला लागली तर ती ज्या झाडांवर आहेत, त्यांच्या आसपास बिबट्या असण्याची शक्यता धरा.

ताडोबात चितळाचा किंवा सांबराचा कॉल ऐकून ज्यांनी जिप्सी थांबवलेली आहे, त्यांना हे नवीन नाही. फरक एवढाच की मारात कान फक्त पहाटे चालतात. ऊन चढलं आणि वारा सुटला की मैदानावर आवाज विरतो आणि सगळं काम डोळ्यांवर येतं.

ऐकलेलं गाईडला सांगा, फाटक उघडताच निघा, नाश्ता डब्यात बांधून घ्या. 'आधी खाऊन आठला निघू' हा बेत आखलात तर सिंह सावलीत जाऊन आडवे झाल्यावरच तुमची गाडी बाहेर पडते.

टप्पा ५ : शोधायचं कसं

हा टप्पा सावकाश वाचा.

*बोलण्याची पद्धत आधी ठरवा.* गाडीचं बॉनेट म्हणजे बारा वाजले. उजवा दरवाजा तीन, मागचा भाग सहा. 'ते बघ, तिकडे, त्या झाडाजवळ' म्हणून काही उपयोग नाही, तिथे हजार झाडं असतात. 'दोनच्या दिशेला, वारुळाच्या डावीकडे, गवतात कान' असं म्हणा.

*इंजिन बंद करत चला.* एक-दीड किलोमीटर गेलं की थांबायचं, इंजिन बंद, दुर्बिणीने एक पूर्ण फेरी, मग पुढे. चालत्या गाडीतून फक्त मोठे आणि उभे प्राणी दिसतात.

*आकार शोधा, प्राणी शोधू नका.* गवत उभं असतं, आडवी रेष दिसली की तिथे पुन्हा पाहा. सिंहिणीचे कान मागून काळे असतात, वाळक्या गवतात दोन काळे ठिपके वर आले तर ते तेच. वारुळावर नेहमीपेक्षा एक उंचवटा जास्त वाटला तर चित्ता असू शकतो. चित्ते टेहळणीसाठी वारुळांवर चढतात आणि दिवसाउजेडी शिकार करतात, म्हणून सकाळी आणि चारनंतर प्रत्येक वारूळ बघायचंच. बिबट्यासाठी ओढ्याकाठची झाडं. तिथले गाईड या ओढ्यांना लुग्गा म्हणतात. झाड बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला वाचत जा आणि आडव्या फांदीवरून खाली लोंबणारं काही आहे का पाहा. शेपटी असेल किंवा वर नेऊन ठेवलेल्या इंपाला हरणाचे पाय.

*चरणाऱ्यांची नजर वाचा.* टोपी हे तिथल्या एका मोठ्या, तांबूस हरणाचं नाव. ते वारुळावर उभं राहून पहारा दिल्यासारखं बघतं. एक टोपी बघतंय म्हणजे फारसं काही नाही. तीन-चार टोपी, दोन झेब्रे आणि एखादा जिराफ सगळे एकाच बिंदूकडे तोंड करून थांबले असतील तर गाडी थांबवा. उलट, हरणं शांत चरतायत म्हणजे सिंह नाही, हे गणित चुकीचं आहे. दिसत असलेल्या आणि पोट भरलेल्या सिंहाच्या जवळही ती चरत राहतात. त्यांना भीती न दिसणाऱ्या सिंहाची असते.

एका ऑगस्टमधली सकाळ सांगते. साडेसहा वाजले होते. ओढ्याच्या वळणावर तीन टोपी एका झुडपाकडे बघत उभी होती, मधूनच नाकातून फुर्रर करत. तेवढ्यात वायरलेसवर सिंहाची बातमी आली आणि आमच्या मागच्या दोन गाड्या वळून गेल्या. आम्ही थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, काहीच नाही. टोपींनी मात्र मान फिरवली नाही. चाळीस मिनिटांनी झुडपाच्या खालच्या कडेने मादी बिबट्या बाहेर आली आणि आमच्यासमोरून रस्ता ओलांडून गेली. पोटाखालचे केस दवाने भिजून टोकाटोकाला चिकटले होते आणि प्रत्येक पाऊल टाकताना ती पुढचा पंजा किंचित झटकत होती. एकही गाडी नव्हती.

*गिधाडं.* नुसती घिरट्या घालणारी गिधाडं म्हणजे शिकार नव्हे. ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेवर ती तशीही फिरत असतात. पाय खाली सोडून, पंख आखडून, एकामागून एक खाली उतरायला लागली की मेलेला प्राणी आहे समजा. झाडावर बसून खाली बघत असतील आणि उतरत नसतील, तर खाली अजून कुणीतरी जेवत आहे.

*माती.* पहाटेच्या धुळीत ठसे ताजे असतात. सिंह आणि बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. चित्त्याच्या आणि तरसाच्या उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. ठसा गाडीच्या चाकाच्या खुणेवर असेल तर काल संध्याकाळनंतरचा, चाकाखाली दबला असेल तर त्याआधीचा. दिवस उजाडल्यावर दहा गाड्या गेल्या की हे पुस्तक मिटतं.

चूक : वायरलेस आला की निघणं. स्वतःला एकच प्रश्न विचारा, समोरची खूण जिवंत आहे का? असेल तर थांबा.

टप्पा ६ : दिसल्यावर

इथे क्रम पाळायचा. आधी शंभरेक मीटरवर थांबा आणि दुर्बिणीने पाहा, प्राणी कुठून कुठे चाललाय. मग तिरकं जा, थेट अंगावर नको. त्याच्या वाटेच्या बाजूला, सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी जागा गाईडला सुचवा. इंजिन बंद. मग आधी डोळ्यांनी पाहा, कॅमेरा नंतर. पहिल्या मिनिटात शटरचा पाऊस पाडणाऱ्याला प्राणी काय करत होता ते नंतर सांगता येत नाही.

राखीव क्षेत्रात प्राण्यापासून २५ मीटर अंतर ठेवायचं असतं. एका वेळी पाचच गाड्या, आणि इतर वाट बघत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. आधीच पाच गाड्या असतील तर लांब थांबा किंवा दुसरीकडे जा. सिंह गाडी आणि माणसं मिळून एकच आकार पाहतो. तुम्ही उठून उभे राहिलात, छपरातून हात बाहेर काढलात किंवा दरवाजा उघडलात की तो आकार मोडतो. शिट्टी, टाळी, 'ए इकडे बघ' हे कधीच नको.

शिकारीच्या तयारीत असलेल्या चित्त्याच्या मागे गाडी घेऊ नका. गाड्यांच्या गराड्यात तिची शिकार चुकते आणि पिल्लं आईपासून तुटतात. गाईडला 'जरा अजून जवळ घ्या ना, टिप वाढवून देऊ' म्हणणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं. नियम मोडून पकडला गेला तर त्याची रोजीरोटी जाते, तुमचं विमान दुसऱ्या दिवशी निघतं.

सावध : हत्तीने कान पसरून डोकं झटकलं किंवा सोंड वर केली तर लगेच शांतपणे मागे व्हा. डोळ्यामागून ओघळ वाहत असलेला नर माजावर आलेला असतो, त्याला वाट द्या.

फोटोचं थोडक्यात: धावणाऱ्या प्राण्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान, धुळीत लेन्स बदलायची नाही, रात्री फ्लॅश नाही. सिंहाचा चेहरा दोन्ही बाजूंनी घ्या. मिशांच्या सगळ्यात वरच्या रांगेतल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि दोन्ही गालांवर वेगवेगळी. त्यावरून उद्याचा सिंह कालचाच आहे का ते ठरवता येतं. झेब्र्याचे पट्टे आणि जिराफाचे डाग तसेच.

टप्पा ७ : नदीचं ओलांडणं

जुलै ते ऑक्टोबरात मारा नदीवर विल्डबीस्टचं ओलांडणं पाहायला जाल तेव्हा अख्खा दिवस द्या, पाणी आणि जेवण सोबत ठेवा. कळप काठावर येतो, धूळ उडते, पुढचे उतरतात आणि एका झेब्र्याच्या फुरफुरण्याने सगळे मागे पळतात. असं चार-पाच वेळा होतं. कंटाळून निघून गेलेल्या गाड्यांच्या मागे कळप उतरलेला मी पाहिला आहे. पुष्कळ दिवस मुळीच उतरत नाही, हेही धरून चला.

पहिले प्राणी पाण्यात शिरून रांग लागेपर्यंत गाडी काठापासून लांब ठेवा. घाईने पुढे गेलेली एक गाडी उतरायची जागा अडवते, कळप वळतो आणि सरळ कड्यावरून उडी घ्यायला लागतो. तिथे पाय मोडून पडलेले प्राणी मगरींच्या वाट्याला जातात.

टप्पा ८ : वही

दुपारी अकरा ते साडेतीन कॅम्पवर असता तेव्हा सकाळची वही पक्की करा. रात्री जेवणानंतर करू म्हटलं की तीन सिंहिणींच्या पाच होतात.

नोंद गाडीतच, पेन्सिलीने, अशी:

*१४ ऑगस्ट. स. ७.१०. ओढ्याचं दुसरं वळण, कॅम्पच्या पूर्वेला. सिंहिणी ३, पिल्लं ४. एक सिंहीण उजव्या कानाला चीर. पिल्लं दूध पित होती. ७.३५ ला सगळे झुडपात. आकाश ढगाळ. गाड्या २. नक्की.*

शेवटचा शब्द फार महत्त्वाचा. 'नक्की', 'बहुतेक', 'फक्त ऐकलं' किंवा 'गाईडने सांगितलं' यांपैकी एक प्रत्येक नोंदीपुढे हवाच. आणि ज्या फेरीत काहीच मोठं दिसलं नाही तीही लिहा: वेळ, वाट, 'काही नाही'. चौथ्या दिवशी ओळखू येतं की दुपारच्या फेरीत त्या मैदानावर जाणं फुकट आहे.

नावांत चुका ठरलेल्या आहेत. छोटं हरीण, अंगावर ठळक काळा पट्टा आणि ढुंगणावरचं पांढरं शेपटीच्या वर चढत नाही, ते थॉमसन गॅझेल. मोठं, आणि पांढरं शेपटीच्या वर चढलेलं, ते ग्रँट गॅझेल. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल तर चित्ता, अंगावर फुलासारखे पुंजके असतील तर बिबट्या. लांब पायांचं, मोठ्या कानांचं, आखूड शेपटीचं ठिपकेदार मांजर हे सर्व्हल असतं, चित्त्याचं पिल्लू समजू नका. मारात रोज दिसणारं तरस ठिपकेदार, आपल्या माळरानावरचं पट्टेरी. वॉर्टहॉगला वहीत रानडुक्कर लिहू नका, तो वेगळा प्राणी आहे.

टप्पा ९ : परत आल्यावर आणि त्याआधी

फोटो आणि वही वेळेने जुळवा. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या आणि बाकीच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकल्या तर अभ्यासकांना वापरता येतात. गेंड्याचा फोटो कुठेही टाकताना ठिकाण काढून टाका, मोबाइलने फोटोत आपोआप भरलेलं ठिकाणसुद्धा. शिंगासाठी मारणारे लोक हीच माहिती शोधत असतात. व्हॉट्सॲपवर ठिकाणासकट स्टेटस ठेवणं हीदेखील तीच चूक आहे.

कॅम्प सोडण्याच्या सकाळी गाडी लागायच्या आधी पंधरा मिनिटं राखून ठेवा. वहीतल्या 'नक्की' नोंदी कॅम्पच्या रजिस्टरमध्ये वेळ आणि जागेसकट उतरवा, कानाला चीर असलेली सिंहीणही. आज संध्याकाळी तुमच्याच तंबूत कुणीतरी नवीन उतरणार आहे, आणि उद्या पहाटे त्यांचा गाईड ते पान उघडून बसेल.